कागदावर स्वतंत्र

गंगापूर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात उज्वला आहेर फिजिओथेरपिस्ट आहे. आधी ती तिथे नोकरीला होती. मग व्यवस्थापनाने सगळ्या थेरपिस्टचे राजीनामे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनाच ‘सल्लागार’ म्हणून घेतलं. खोली तीच, हजेरीचा अंगठा लावायची वेळ तीच. पीएफ आणि पगारी रजा मात्र बंद. पगाराऐवजी फी, तीही कर कापून हातात येणार.

सहकारी दिनेश खूश होता. “अगं, आता आपण स्वतंत्र व्यावसायिक. करासाठी आपली निम्मीच फी उत्पन्न धरतात. कर वाचतो. हा नियम बदलूच नये.” त्याची बायको सरकारी शाळेत शिक्षिका; आजारपणात घर तिच्या पगारावर चाललं असतं, म्हणून त्याला भय नव्हतं. उज्वलाच्या घरात मात्र फ्लॅटचा हप्ता तिच्या एकटीवर होता.

सायखेडा गावच्या नवसाबाई अर्धांगवायू झाल्यावर रुग्णालयात तिच्याकडे आल्या होत्या. घरी नेल्यावर सुनेचा फोन आला, “ताई, आईला गाडीत बसवता येत नाय. तुम्हीच या ना रविवारी.” उज्वला जाऊ लागली. एके दिवशी नवसाबाई भिंत धरून ओट्यापर्यंत आल्या आणि अंगणाकडे बघत रडल्या.

ती सायखेड्याला जाते, हे रुग्णालयात कळलं. प्रशासक शिंदे मॅडमनी तिला बोलावलं. “बाहेरचे पेशंट घ्यायचे नाहीत, करारात लिहिलंय.”

“पण करासाठी मी स्वतंत्र व्यावसायिक ना? मग रविवारी कुठे जायचं ते मी ठरवणार.”

“मग सोमवारचंही तुम्हीच ठरवा.”

उज्वलाचा आवाज उतरला. “मला परत नोकरीत घ्या, मॅडम.”

“घेऊ. पण हातात पैसे बरेच कमी येतील. आणि उद्या सरकारने सगळ्यांनाच कर्मचारी ठरवलं, तर निम्म्यांना घरी पाठवावं लागेल.”

रोज अंगठा लावतो त्याला कर्मचारीच धरा, असं सरकारला कळवायचं तिने कधीचं ठरवलं होतं. त्या संध्याकाळी ती लिहायला बसलीही. पण घरी जाणाऱ्या निम्म्यांत आपणच असू, हे डोक्यातून जाईना. लिहिलेलं तिने पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाहेरचे पेशंट घेणार नसल्याचं शिंदे मॅडमना लिहून दिलं.

मग पार्किंगमध्ये जाऊन तिने सायखेड्याला फोन लावला.

“येणार नाय?” नवसाबाईंनी विचारलं. “माझं काय चुकलं का, बाई?”

“नाही हो, मावशी. सुनेला फोन द्या. व्यायाम सांगते.”

पलीकडे खाट करकरली; मावशी परत आडव्या झाल्या, हे तिला फोनवरूनच कळलं.