कॅरियर आधी, गाडी नंतर

पिकअप घेण्याच्या आधी मी पिकअपचा कॅरियर करून घेतला.

हे वाक्य कुणाला पुन्हा वाचावंसं वाटलं असेल तर त्यात त्याचा दोष नाही. आमच्या घरातही ते दोनदा सांगावं लागलं. पण मला सांगायचंय ते माझ्या शहाणपणाबद्दल नव्हे, तर तो कॅरियर ज्यांनी केला त्या उंब्रजच्या वेल्डर चाचांबद्दल. गिऱ्हाईक परत पाठवण्यात चाचांचा हात धरील असा कारागीर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत झाला नाही, आणि झाला असता तर उपाशी मेला असता. चाचा मेले नाहीत, कारण परत गेलेला माणूस गावभर सांगत सुटायचा की उंब्रजला एक वेल्डर आहे आणि तो काम करत नाही. आणि ते ऐकून आणखी चारजण काम घेऊन मुद्दाम यायचे.

चाचांच्या शेडमध्ये दारातच ट्रॅक्टरची जुनी सीट एका ड्रमवर जोडून ठेवली होती. गिऱ्हाइकाने तिच्यावर बसायचं आणि चाचांनी उभं राहून विचारायचं, अशी तिथली रीत होती. डोळ्यांवर काळा चष्मा, दाढीत लोखंडाचा बारीक कीस आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी छोटी हातोडी. गेट करायला आलेल्या माणसाला ते आधी विचारत, "आत काय हाय राखायसारखं?" खिडकीच्या जाळीला आलेल्याला विचारत, "चोर येतोय का तुमी पळताय?" पण त्यांचा खरा राग पिकअपच्या कॅरियरवर होता. हौद्याच्या काठावर चार पाय रोवून उभा असलेला आणि केबिनच्या टपावरून पुढं आलेला हा लोखंडी पाइपांचा सांगाडा हल्ली आमच्याकडे गॉगलसारखा झाला आहे. ऊन असो नसो, असावा लागतो. एकदा माझ्यासमोर एक तरणाबांड बागायतदार नवी कोरी गाडी घेऊन आला आणि वर दिवेबिवे लावलेला कॅरियर पाहिजे म्हणाला. चाचांनी त्याला सीटवर बसवला.

"हौदा कंदी काठोकाठ भरलाय का?"

"न्हाई अजून."

"मग वर माळा कशाला रं बांधतोस? तळमजल्यावर भाडेकरू न्हाई अजून."

"चाचा, दिसायला बरं दिसतंय की."

"गड्या, कॅरियर म्हंजी घरजावई. काय बी काम न करता नुस्ता बसला तरी वजन आपल्यालाच. वर डिझेल पितंय ते येगळंच. लांब माल हाय? शिडी, बांबू, पाइप? न्हाई? मग जा. चा घे आन जा."

तो चहा घेऊन गेला. चाचांच्या दारातून माणूस काम न होता जाई, पण चहा न होता जात नसे.

ज्याचं काम चाचा पत्करत त्याचे हाल वेगळे. काम पुरं झालं की ते स्वतः त्याच्यावर चढून मांडी घालून बसत, वरच चहा मागवत आणि खालच्या माणसांना चारी बाजूंनी हलवायला लावत. तेवढ्यात कुठं 'कुर्र' झालं तर ते काम चाचांचं, पुन्हा सुरुवातीपासून; नाही झालं तर गिऱ्हाइकाचं. आणि गिऱ्हाइकाचं म्हणजे तरी काय? दर शुक्रवारी नमाज झाली की चाचा मोपेडवर बसत आणि आजवर केलेली गेटं, जाळ्या, जिने बघत फिरत. हातोडीने हलकेच टकटक करायचे, कान लावायचे आणि "बोलतंय" म्हणून पुढं जायचे. घरातल्या माणसांशी बोलतीलच असं नाही. एका घरी खिडकीच्या जाळीला म्हैस बांधलेली दिसली, तर त्यांनी तिथल्या तिथे पान्याने जाळी सोडवली आणि मोपेडला आडवी बांधून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन एक भक्कम लोखंडी खुंटा अंगणात ठोकून दिला, म्हशीसाठी. जाळी परत मिळायला त्या घरातल्या म्हातारीला उंब्रजला तीन खेपा घालाव्या लागल्या.

कोयनानगरला त्यांनी एकदा पाण्याच्या टाकीचं स्टँड करून दिलं होतं. तिकडे जमीन हलल्याची बातमी आली की चाचा शेडला कुलूप लावून दोन एसट्या बदलत, घाटाची वळणं अंगावर घेत तिथं हजर. लोक अंगणात बसून एकमेकांची चौकशी करतायत आणि चाचा स्टँडखाली कान लावून उभे. कुणीतरी जरा टोचूनच म्हणालं, "चाचा, आमी कसं हाय त्ये बी इचारा की." चाचा म्हणाले, "तुमी पळालासा की भाईर. ह्येला चार पाय हायत, पर पळता येत न्हाई."

अशा माणसाकडे मी गेलो. कडेगावात माझं पाइपांचं आणि ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. वीस फुटी पाइप भाड्याच्या पिकअपमधून जाताना निम्मे मागे लोंबकळतात, टोकाला लाल फडकं बांधलेलं असतं, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला ते फडकं नेमकं नाकाला लागेपर्यंत बघत नाही. म्हणून स्वतःची पिकअप घ्यायची आणि तिच्यावर कॅरियर लावायचा असं मी ठरवलं. माझा चुलतभाऊ त्याची पिकअप मला देणार होता. शब्द झाला होता. फक्त ऊस कारखान्याला घालून होईपर्यंत त्याला ती हवी होती. चाचांकडे नंबर लागायला वेळ लागतो हे ठाऊक असल्यामुळे मी शहाणपणा केला. भावाची पिकअप अर्ध्या दिवसासाठी मागून घेतली आणि उंब्रजला नेऊन "ही माझी गाडी" म्हणून उभी केली. मी खोटं बोललो नाही, फक्त थोडं लवकर बोललो असं त्या वेळी मला वाटलं.

सीटवरची परीक्षा मी पास झालो. पाइप म्हटल्यावर चाचांचा चेहराच बदलला. "ह्येला म्हंत्यात काम," असं म्हणून त्यांनी हौद्याच्या काठावरून हात फिरवत मापं घेतली. टेप होता, पण तो त्यांचा पुतण्या धरायचा. चाचा हाताने मोजत आणि खात्री करून घ्यायचं काम टेपाचं. तेव्हा मला कळलं की त्यांना टेपावरचे आकडे दिसत नाहीत. तीन आठवड्यांनी मी कॅरियर न्यायला गेलो तेव्हा चाचा त्याच्यावर मांडी घालून चहा पीत बसले होते.

"गाडी कुठाय?"

"सर्व्हिसिंगला," मी म्हणालो. गाडी त्या वेळी चुलतभावाने तासगावच्या एका द्राक्षवाल्याला देऊन टाकलेली होती. मला ते आदल्या दिवशीच कळलं होतं.

चाचा खाली उतरले. "शेट, डाक्टरनं वेल्डिंग बंद करायला सांगितलंय. आता पुतण्या बघंल. हे माझं शेवटचं मोठं काम. बोल्ट तुमी घरी आवळा. पर येक ध्यानात ठेवा. मोहरमच्या ताबुताला मी कडेगावला भैनीकडं येतोय. तवा ह्येच्यावर पाइप लादून गाडी माझ्यासमोरनं गेली पायजे. येकदा. मला बघायचं हाय, म्हंजी ऐकायचं हाय."

"जाणार म्हणजे जाणार," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

भाड्याच्या टेम्पोतून कॅरियर घरी आला आणि परसात चार विटांवर उभा राहिला. पहिले आठ दिवस बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं. नवव्या दिवशी त्याच्यावर कुरडया वाळत पडल्या. मग गोधड्या, मग शेजारणीच्या गोधड्या. उन्हाळा संपता संपता तिने त्याच्या एका पायाशी दोडक्याचा वेल लावला आणि महिन्याभरात आमच्याकडे सबंध कडेगाव तालुक्यातला सगळ्यात मजबूत मांडव उभा राहिला. गल्लीतले लोक येता-जाता विचारत, "शेट, गाडी कवा उगवतीया?" चाचांचा अधूनमधून फोन यायचा.

"कॅरियर कसा हाय?"

"झकास."

"कुरकुरतोय का?"

"अजिबात न्हाई."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. विटांवर उभा असलेला कॅरियर कशाला कुरकुरेल?

पण ताबूत जवळ येऊ लागले तशी माझी झोप उडाली. म्हशीची जाळी काढून नेणारा माणूस दोडक्याचा कॅरियर सोडणार नव्हता, हे तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे चाचा तो नेणारही नाहीत, नुसते काही न बोलता बहिणीकडे परत जातील, असं मला वाटू लागलं. आयुष्यभर काम नाकारणाऱ्या माणसाने शेवटचं काम म्हणून माझं पत्करलं होतं, आणि मी त्या कामावर दोडके चढवले होते. मी पिकअप शोधायला निघालो. विटा, पलूस, तासगाव पालथं घातलं. लोक जुनी गाडी बघताना इंजिन ऐकतात, टायर बघतात, कागद बघतात; मी टेप काढून हौदा मोजायचो. चाचांच्या मापात बसला नाही की चालू लागायचो. पलूसला एकाने चांगली चालती गाडी दाखवली. मी दीड इंचासाठी नाकारली. तो म्हणाला, "आवं, गाडी घेताय का गादी टाकताय?"

शेवटी विट्याजवळ एका वस्तीवर मापात तंतोतंत बसणारी पिकअप मिळाली. ती उतारावर उभी होती. मालक म्हणाला, "इंजिन ऐकणार का?" मी म्हणालो, "नको, हौदा बरोबर आहे." त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग मला दोनदा चहा पाजला. गाडी उतारावरून सुरू झाली, कुठंही न थांबता कडेगावला आली आणि आमच्या दारात थांबली. थांबली ती थांबलीच. पण ताबुताला दोनच दिवस उरले होते. मी वेल सोडवला, कॅरियर चढवला. आठही बोल्ट पहिल्याच फटक्यात भोकांत गेले, तेव्हा मला इतका आनंद झाला की गाडी सुरू होत नाही ही गोष्ट मला किरकोळ वाटली.

ताबुतांच्या भेटी झाल्या आणि दुपारी चाचा आले. आता त्यांना पुतण्याच्या मोपेडवर मागे बसावं लागत होतं. मी गाडीवर वीस पाइप लादून दोरानं आवळून ठेवले होते. चाचांनी हातोडी काढली, टकटक केलं, कान लावला. "बोलतंय," म्हणाले. मला वाटलं सुटलो. मग त्यांचा हात कॅरियरच्या पायावरून हौद्याच्या काठावर उतरला आणि हळूहळू सरकत शेवटपर्यंत गेला.

"त्या गाडीच्या काठाला हितं पोचा हुता," ते म्हणाले. "ही ती गाडी न्हवं."

बायको दारातच उभी होती. मी काहीतरी रचून सांगण्याआधीच ती म्हणाली, "आवं चाचा, ह्यांच्याकडं गाडीच नव्हती. परवा आणलीया. तवर त्यो परड्यात हुता, विटंवर."

चाचांची बोटं पुन्हा वर गेली. एका सांध्यापाशी दोडक्याच्या वाळल्या वेलाचे तणावे अजून पाइपाला गच्च गुंडाळलेले होते. ते त्यांनी चाचपले.

"हे काय?"

"दोडका," बायको म्हणाली. "लय लागला, चाचा. गल्लीला वाटून उरला."

"आन हालला न्हाई?"

"वारं सुटलं तवा शेजारचा पत्रा उडाला. ह्यो हूं की चूं न्हाई."

"म्हंजी रिकामा न्हवता," चाचा स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "चला, काढा गाडी."

मी केबिनमध्ये बसलो आणि चावी फिरवली. गाडीने एक सुस्कारा टाकला. पुन्हा फिरवली. सुस्काराही आला नाही. गल्लीतली माणसं नुकतीच ताबूत उचलून घरी परतत होती. सकाळपासून त्यांचे खांदे भरून आले होते. ती थांबली. बायकोने कुणाच्यातरी कानात काहीतरी सांगितलं, आणि मग कुणीच काही न विचारता दहा-बाराजण गाडीच्या मागं लागले. "व्हय रं, लावा जोर!" गाडी हलली. मी रुबाबात स्टिअरिंग धरून बसलो होतो. डोक्यावर वीस पाइप, मागे अर्धी गल्ली. चाचांनी काळा चष्मा काढला होता. कोपऱ्यावर भिंतीला टेकून, मान एका बाजूला कलती करून ते उभे होते, आणि आम्ही त्यांच्यासमोरून गेलो. इंजिन बंद असल्यामुळे गल्लीत इतकी शांतता होती की दोर ताणल्याचा आवाज येत होता. बाकी कसला आवाज नाही. एकदाही कुर्र नाही.

चढ लागला तशी गाडी थांबली. मी उतरून चाचांकडे आलो. त्यांचे डोळे लाल झालेले होते. ते वेल्डिंगचे की आणखी कशाचे, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. त्यांनी हातोडी खिशात घातली, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून मोपेडवर बसले आणि चष्मा पुन्हा नीट लावला.

"कॅरियर चांगला झालाय, शेट," ते म्हणाले. "आता त्येच्याखाली येक गाडी घ्या."