दार उघडेना

मंगळवार, सकाळी साडेदहा. हजर: मी (जैवसुरक्षा अधिकारी), आमचे प्रमुख डॉक्टर सर, एसीचे टेक्निशियन बिराजदार, लॅब अटेंडंट पद्माताई. गैरहजर: कुणी नाही. बंद: आतल्या खोलीचं दार.

बिराजदार दुधनीचे, अंगानं दणकट. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल ओढलं.

"मॅडम, आतून कुणीतरी धरलंय बघा."

"आत कुणी नाही. रजिस्टर बघितलंय मी."

"मग रजिस्टरलाच सांगा की, सोड म्हणून."

आमची लॅब सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कडेला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे जंतू आम्ही आतल्या खोलीत वाढवून तपासतो. तिथली हवा बाहेर येता कामा नये, म्हणून आत दाब मुद्दाम कमी ठेवतात. दार उघडलं तरी हवा बाहेरून आत जाते. याला उणा दाब म्हणतात. दाबमापकाचा काटा उणे तीसच्या आसपास हवा. त्या दिवशी तो उणे नव्वदवर होता.

वार्षिक तपासणीसाठी खोली निर्जंतुक करून रिकामी ठेवली होती. गुरुवारी बाहेरचे तपासनीस येणार होते. त्यांची सही झाली नाही तर लॅब बंदच. खोली बंद असेतोवर नमुने पुण्याला जात होते, रिपोर्ट उशिरा येत होते, आणि कोणतं औषध द्यायचं यासाठी पेशंट थांबले होते. अक्कलकोटचे एक डॉक्टर रोज फोन करत.

सर म्हणाले, "उणा दाब जास्त म्हणजे चांगलंच की."

"नाही सर. फार झाला की सिस्टीम स्वतःच बंद पडते. मग दाबच उरत नाही."

मी देखभालीची यादी काढली. हवा बाहेर फेकणारा पंखा: ठीक. दाराचं रबर: ठीक. दाबमापक: ठीक. म्हणजे हवा नेहमीसारखी बाहेर जात होती, पण आत पुरेशी येत नव्हती. आत येणारी हवा आधी प्री-फिल्टरमधून, म्हणजे धूळ अडवणाऱ्या जाड फिल्टरमधून येते. तो छतावर असतो.

"प्री-फिल्टर बदलून तीनच आठवडे झालेत," मी म्हटलं. "यादीप्रमाणे तीन महिने चालतो."

पद्माताई फडकं झटकत होत्या. त्यांचं सगळं घर विणकामातलं. "मॅडम, अंगणात वाळत टाकलेल्या या फडक्यावर रोज तूस बसतंय. शेजारी टॉवेलचा कारखाना चालू झालाय. छतावर काय वेगळी हवा हाय का?"

छतावर जायला जिना नाही. कारखान्यातूनच शिडी मागून आणली. बिराजदार वर गेले आणि फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाली आले. पिशवीत पांढरीशुभ्र, मऊ, बोटभर जाडीची गादी होती.

पद्माताईंनी निरखून पाहिलं. "काठ लावला की विकायला तयार."

यादीप्रमाणे स्टोअरमध्ये दोन फिल्टर शिल्लक होते, आणि ते खरोखर होते. एक बसवला. काटा हळूहळू उणे तीसवर आला. बिराजदारांनी सवयीनं जोर लावून दार ओढलं आणि दोन पावलं मागे धडपडले.

"सोडलं एकदाचं," ते म्हणाले.

गुरुवारी तपासनिसांनी दाराच्या फटीशी धुराची नळी धरली. धूर सरळ आत गेला. मग त्यांनी माझी नवी यादी वाचली.

"प्री-फिल्टरची पाहणी दर सोमवारी? इतकी लवकर कशाला?"

"साहेब, सोलापूर हाय हे," पद्माताई म्हणाल्या.

तपासनिसांनी सही केली. अक्कलकोटच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. शुक्रवारी त्यांचे नमुने आले.

तीन महिन्यांची ती ओळ मी दुसऱ्या शहरातल्या लॅबच्या यादीतून जशीच्या तशी उतरवली होती. यादी उतरवताना तिथली हवा उतरवता येत नाही, एवढं आता लक्षात ठेवलंय.

आमच्या स्वतःच्या शिडीच्या खरेदीची फाईल सरांच्या वरिष्ठांच्या ऑफिसात मंजुरीसाठी पडून आहे. दर सोमवारी बिराजदार छतावर चढतात. यादीत आता एकच काम उरलंय: कारखान्याची शिडी परत करणे. बाकी.