अक्कानं जोखलेला ग्रह

शाळेत परिपाठ चालू असताना वैशालीचा फोन आला. "मावशी, आई गेल्या…" एवढंच ती बोलू शकली. वैशाली माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची सून. अक्काचं हृदय झोपेतच थांबलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही मूळच्या सांगोल्याकडच्या. दुष्काळाच्या वर्षी अक्काची शाळा सातवीतच सुटली. माझी मात्र तिनं सुटू दिली नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, वितळलेलं लोखंड ओतायला वाळूचे साचे करत तिनं मला विज्ञानाची शिक्षिका केलं. काम सोडून ती घरी बसल्यापासून दर रविवारी मी तिच्याकडे जायचे, पेपर वाचून दाखवायचे. एकदा बातमी होती, की फार लांबच्या एका ताऱ्याभोवती ग्रह सापडलाय. आकारानं पृथ्वीएवढाच, पण वजनानं कितीतरी भारी, बहुधा लोखंडानंच भरलेला. आयुष्यभर लोखंडाशेजारी राबलेली अक्का शेंगा फोडायची थांबली.

"कुणी जोखला त्यो?"

"शास्त्रज्ञांनी."

"ते कळलं गं. पण कसा?"

मला नीट सांगता येईना. इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता… आठवडाभर वाचलं आणि पुढच्या रविवारी सांगितलं, की ग्रह फिरताना ताराही किंचित हलतो, त्यावरून वजन कळतं. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा उजेड जेवढा घटतो, त्यावरून आकार. ती सरसावून बसली. मग म्हणाली, "पोराला हाताला धरून गरगर फिरवताना आपणबी मागं झुकतोच की. पोर जड असलं तर जास्ती." वर्गात मी आता हेच उदाहरण देते.

त्याच दिवशी जेवताना तिनं हळूच विचारलं, "मला धाव्वीला बसता येईल का?" शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. पहिल्या खेपेला ती गणितात राहिली. शेजारणी हसल्या. मीही म्हटलं, "अक्का, आता पुरे कर."

"तुला कधी पुरे म्हनले हुते का मी?"

दुसऱ्या खेपेला पास झाली. गुणपत्रिका हातात धरून कितीतरी वेळ रडत होती…

परवा तिची खोली आवरायला गेले. टेबलावर अकरावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं. दुसऱ्या धड्यापर्यंत अक्काच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. तिसऱ्या धड्यात निळ्या शाईच्या. मी दारात उभ्या वैशालीकडे पाहिलं. दहावी झाल्या झाल्या हिचं लग्न झालेलं.

"पुस्तक मिटू नका, मावशी," ती खाली बघत म्हणाली. "त्यातलं एक गणित सुटंना झालंय."

मी खुर्ची ओढून बसले.