वीतभर मागे

हूकवालीला आजवर कुणी ओढून नेलं नव्हतं. ओढायचं काम तिचं. बंद पडलेल्या, गटारात गेलेल्या, बायकोशी भांडता भांडता भिंतीवर घातलेल्या, सगळ्या गाड्या तिच्या हुकाला लटकून गॅरेजात जायच्या. आणि आज तीच आपल्या क्रेनच्या केबिनमध्ये नुसतं स्टिअरिंग धरून बसली होती आणि पुढून पिवळ्या तिला ओढत होता. तेही भर बाजारातून, टपावरचा दिवा लावून.

पिवळ्या म्हणजे शहरातला दुसरा क्रेनवाला. गाडी पिवळी, म्हणून तो पिवळ्या. दोघांचं कधी पटलं नाही आणि पटायचं काही कारणही नव्हतं. एकाचं गिऱ्हाईक तुटलं की दुसऱ्याकडे जायचं. दिव्याची काही एक गरज नव्हती, पण असली संधी सोडेल तर तो पिवळ्या कसला. सिग्नलला थांबल्यावर त्याने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं.

"काय बाई, बरं वाटतंय ना? वारा लागतोय ना?"

"साखळी डावीकडे ओढतेय तुझी," ती म्हणाली. "आधी नीट लावायला शीक, मग दिवे लाव."

बोलली खरी, पण आतून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. फळवाल्यापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे बघत होते आणि एकाने तर टाळ्याही वाजवल्या.

आता ही वेळ का आली ते सांगायला हवं. सरकारने नियम काढला होता की जुन्या डिझेल इंजिनाची गाडी यापुढे शहरात फिरायची नाही. गाडी ठेवायचीच असेल तर नव्या धाटणीचं इंजिन बसवा, त्या इंजिनासोबत धूर गाळायचं जे जे सामान येतं ते सगळं जसंच्या तसं लावा आणि तपासणी करून मंजुरी घ्या. मंजुरी मिळेपर्यंत गाडीने स्वतःच्या पायावर रस्त्यावर यायचं नाही. मुदत महिनाअखेरपर्यंत. नंतर गाडी भंगारात.

लोक म्हणाले, नवी क्रेन घे आणि मोकळी हो. लोकांना बोलायला काय जातं! हूकवालीची क्रेन होती बुटकी, आखूड, जेमतेम दोन माणसं बसतील एवढ्या केबिनची. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये शिरणारी शहरात तेवढी एकच. पिवळ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकायची, मग तो खाली उतरून गुपचूप हूकवालीला फोन लावायचा आणि वर 'माझं नाव सांगू नकोस' म्हणायचा. असली क्रेन दुकानात मिळत नाही. ती तिच्या वडिलांनी स्वतः बनवली होती. जुन्या ट्रकची चासी कापून आखूड केली, एका मोडीत निघालेल्या पुलाचं लोखंड आणून त्याचा खांब उभा केला, खांबाला हात जोडला आणि हाताला हूक. पोरगी तेव्हा शाळेत होती. पुढे तिचं लग्न झालं, ते फार काळ टिकलं नाही, ती घरी परत आली आणि वडिलांचे गुडघे गेल्यावर किल्ली तिच्या हातात आली. त्यानंतर तिने मागे वळून बघितलं नाही. गाडी मागे घेताना सोडून.

वडील, म्हणजे म्हातारबाबा, आता दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायचे. पण एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. क्रेन कोपऱ्यावर वळली की तिचा तो खडखडाट त्यांना बरोबर कळायचा. मग काठी घेऊन उठायचे, खुरडत अंगणात जायचे आणि ती दारात पोचेपर्यंत फाटक सताड उघडं. तिने घरासमोर कधी हॉर्न वाजवला नाही, कधी उतरून कडी काढली नाही.

तर तिने ओळखीच्या मिस्त्रीकडून नवं इंजिन बसवून घेतलं आणि त्या दिवशी पिवळ्याने तिला तपासणी केंद्रात नेऊन सोडलं. तपासणी साहेब सडपातळ, मितभाषी माणूस. चहा घेणार का विचारलं तर 'नको' म्हणाला आणि सरळ सतरंजी टाकून गाडीखाली शिरला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दांड्याला लावलेला छोटा आरसा. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते.

"इंजिन चांगलं बसवलंय," खालून आवाज आला. हूकवालीचा जीव भांड्यात पडतोय तोवर तो पुढे म्हणाला, "पण हा डबा इथे मागे का?"

डबा म्हणजे धूर गाळायचा. इंजिनातली काजळी त्यात अडकते आणि आतल्या आत जळून जाते. तो इंजिनाच्या पाठीला लागूनच असायला हवा होता. पण तिथे वडिलांच्या खांबाचा पाय होता, चासीला घट्ट बोल्ट मारलेला. म्हणून मिस्त्रीने पाइप लांबवून डबा पार शेपटीकडे नेला होता.

"जागा नव्हती, साहेब. पण लावलाय ना? सगळं सामान आहे."

"आहे. पण इतक्या लांब तो गरमच होणार नाही. गरम नाही झाला तर काजळी जळणार नाही. चार महिन्यांत तुंबेल आणि मग तुम्हीच तो काढून फेकाल." तो बाहेर आला, हात पुसले. "जागेवर लावा आणि परत या. मुदतीच्या आत."

परतीच्या वाटेवरही पिवळ्याने दिवा लावला.

मिस्त्री तिच्या ओळखीचा, मनाचा चांगला, पण सगळ्या मिस्त्र्यांसारखाच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ताई, कशाला डोकं लावता? डबा कापतो, आतला माल काढतो, रिकामं टरफल अर्धं करून खांबाच्या बाजूला बसवतो. वरून रंग. गाडी पण मोकळी पळते. सगळे हेच करतात."

सगळे हेच करतात हे तिलाही ठाऊक होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे जुनी वस्ती आली. तिथल्या गल्ल्यांत स्वयंपाकघरांच्या खिडक्या रस्त्याला लागून, बरोबर सायलेन्सरच्या उंचीला. तिची क्रेन आत शिरली की एकापाठोपाठ एक खिडक्या धाडधाड बंद व्हायच्या. एकदा एका बाईने पोळपाट हातात घेऊन बाहेर येत सुनावलं होतं, 'गाडी घेऊन जा, पण धूर आमच्या पातेल्यात ठेवून जाऊ नकोस.' हूकवालीने मान खाली घालून गिअर टाकला होता.

"पोकळ काही लावायचं नाही," ती मिस्त्रीला म्हणाली. "मला चोरासारखं फिरायचं नाही. करायचं तर एकदाच आणि पक्कं. खांब मागे घ्यायला किती जागा लागेल?"

मिस्त्रीने बोटं ताणून दाखवली. "वीतभर. पण बाबांना कोण सांगणार?"

तीच सांगणार होती, दुसरं कोण. घरी गेली, चहा ठेवला, कप त्यांच्या हातात दिला आणि सांगून टाकलं. म्हातारबाबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मगच तोंड उघडलं.

"खांब मागे घेतलास की वजन मागे जाणार. गाडी उचलायला गेलीस की पुढची चाकं वर. मग बस हवेत हात हलवत."

"काहीतरी करू, बाबा."

"काहीतरी करून क्रेन होत नसते. मी तो खांब लावला तेव्हा चार वेळा मोजून लावलाय. त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावला तर महिनाअखेरीला सगळंच भंगारात जाईल. खांबासकट."

"जाऊ दे."

हे 'जाऊ दे' तिला झोंबलं. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. "तुम्हाला काय जातंय, बाबा. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. बाजारातून वरात माझी निघते. तुम्ही ते इंजिन ऐकलंय तरी का? चालू आहे की बंद तेसुद्धा कळत नाही, इतकं शांत. मी दारात येऊन उभी राहिले तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

तिला इंजिनाचं कौतुक करायचं होतं. म्हातारबाबांनी मात्र खिडकीतून फाटकाकडे बघितलं.

"मग फाटक कोण उघडणार?"

"मी उतरून उघडीन. त्यात काय एवढं."

ती कप उचलून आत गेली. कप विसळताना तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. या माणसाकडे दिवसभरात करायला तेवढं एकच काम उरलं होतं आणि ते आपण 'त्यात काय एवढं' म्हणून काढून घेतलं. तिला स्वतःचा राग आला. पण राग आला म्हणून खांब काही हलत नव्हता आणि मुदतही. तिने हात पुसले, बाहेर आली आणि सरळ सांगितलं, "बाबा, उद्या सकाळी खांब कापणार आहे. तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा."

म्हातारबाबा जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी ती वर्कशॉपवर पोचली तर दारात पिवळ्याची गाडी. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. ओढायला आजच कोणी बोलावलं याला? तेवढ्यात पिवळ्याच्या केबिनचं दार उघडलं आणि आतून आधी काठी बाहेर आली, मग म्हातारबाबा. ज्याच्या गाडीकडे बघून ते आयुष्यभर नाक मुरडत आले, त्याच गाडीत बसून आले होते.

"मला फोन केला होता त्यांनी," पिवळ्या जरा ओशाळून म्हणाला. "मी काय नाही म्हणणार?"

म्हातारबाबांनी कुणाकडे बघितलं नाही. क्रेनपाशी गेले, खांबावरून एकदा हात फिरवला. मग खिशातून खडू काढला. खांबाच्या पायाशी वीत टेकवून मागे एक रेघ मारली. मिस्त्री गॅस कटर घेऊन पुढे आला, तर त्याला काठीनेच अडवलं.

"थांब, अजून झालेलं नाही. शिडी धर."

त्या गुडघ्यांनी ते शिडीच्या दोन पायऱ्या चढले. हूकवालीने मागून त्यांची कंबर घट्ट धरली. त्यांनी क्रेनच्या हाताला वीत लावली आणि तिथेही तेवढ्याच अंतरावर रेघ मारली.

"खांब वीतभर मागे, तर हात वीतभर आखूड. म्हणजे हूक होता तिथेच राहील. वजन तिथेच." मग ते तिच्याकडे वळले. "काहीतरी करू म्हणे. हे करायचं असतं."

"हे काल सांगितलं असतंत तर?"

"काल सुचलं नव्हतं. काल राग आला होता."

आपल्या हाताने जोडलेलं लोखंड कापलं जाताना बघणं सोपं नसतं. ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा म्हातारबाबांनी तोंड फिरवलं नाही, पण पोरीचा हात मात्र धरून ठेवला. कापलेला तुकडा खाली पडला, निवला, तसा त्यांनी तो उचलून पिशवीत टाकला. संध्याकाळपर्यंत खांब नव्या जागी बसला आणि त्याच्या पुढे, इंजिनाच्या पाठीला लागून, डबा. अख्खा, भरलेला, एक कण न काढलेला.

मुदतीला थोडेच दिवस उरले असताना वरात पुन्हा निघाली. या खेपेला दिवा नव्हता. तपासणी साहेब पुन्हा चहा नको म्हणाला, पुन्हा सतरंजी, पुन्हा आरसा. मग सायलेन्सरच्या तोंडात यंत्राची नळी घातली आणि तिला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. तिने दाबला. पुन्हा दाबला. त्याने यंत्राकडे बघून मान हलवली.

"धुराचं ठीक आहे. पण खांब हलवलाय तुम्ही. वजन उचलून दाखवा, त्याशिवाय सही नाही. आणलंय काही उचलायला?"

आणलं तर काहीच नव्हतं. तिने आवारात नजर फिरवली. एकच गाडी उभी होती, नापास झाली तर हिला परत न्यायला थांबलेली. पिवळी.

"नाही हं," पिवळ्या मागे सरकत म्हणाला.

"एवढा भिऊ नकोस. साखळी नीट लावता येते मला."

साहेबाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू फुटल्यासारखं वाटलं. तिने साखळी अडकवली, कुठे जास्त ताण येत नाही ना ते हाताने चाचपून बघितलं, आणि कळ दाबली. पिवळ्याची गाडी पुढून हळूहळू वर निघाली. हूकवाली स्वतःच्या पुढच्या चाकांकडे बघत होती. चाकं जमिनीवर होती. गाडी आणखी वर गेली. चाकं जमिनीवरच होती, एक सूतही हलली नाहीत. साहेबाने वाकून चाकाखाली बघितलं, उठला आणि सही करायला टेबलाकडे गेला.

"दिवा लावू का रे?" तिने पिवळ्याला विचारलं.

"लाव बाई, लाव," तो म्हणाला. "तुझा दिवस आहे."

परत येताना ती स्वतः चालवत आली. बाजारातून आली, जुन्या वस्तीतून मुद्दाम वळसा घेऊन आली. एकही खिडकी बंद झाली नाही. खरं तर कुणी वळूनही बघितलं नाही. घराच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा मात्र तिचा आनंद जरा उतरला. इंजिनाची नुसती गुणगुण येत होती, समोरच्या झाडावरचे पक्षीसुद्धा त्यापेक्षा जास्त आवाज करत होते. आता उतरायचं, कडी काढायची, फाटक लोटायचं. तिने पट्टा सोडून ठेवला.

फाटक सताड उघडं होतं. फाटकाच्या खांबाला टेकून, काठीवर दोन्ही हात ठेवून म्हातारबाबा उभे होते. ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं आणि शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

तिने खिडकीतून विचारलं, "कधीपासून उभे आहात?"

"तू गेल्यापासून."

"अहो, आणि नापास झाले असते तर?"

"तर पिवळ्या दिवा लावून आला असता. लांबूनच दिसलं असतं, आत जाऊन बसलो असतो." त्यांनी क्रेनच्या मागे सरकलेल्या खांबाकडे, मग आखूड हाताकडे एकदा बघून घेतलं. "तूच म्हणालीस ना, आवाज येणार नाही. मग बघतच उभं राहायला नको का?"

हूकवालीचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नयेत म्हणून ती आरशात बघत राहिली. मग तिने क्रेन हळूच आत घेतली आणि मागे म्हातारबाबांनी फाटक लावलं, नेहमीसारखं, आधी खालची कडी, मग वरची.