गिरणीचा ब्लोअर आणि आमचं जेट इंजिन

तिसऱ्या प्रयत्नातही इंजिन खोकलं. भक्, भक्, भक्. जिथून हवा आत जायची, त्याच तोंडातून वीतभर ज्वाळा बाहेर आली. मी हात वर केला. वैशालीने गॅस बंद केला. शनिवारची दुपार होती आणि सोमवारी अकराला बाहेरचे परीक्षक येणार होते.

तेव्हा मी शहापूरजवळच्या एका कॉलेजात एरोनॉटिकलच्या मुलांना प्रोपल्शन, म्हणजे विमान पुढे ढकलण्याचं शास्त्र, शिकवत होते. खरं जेट इंजिन आम्हाला कोण देणार? शेवटच्या वर्षाच्या चौघांनी ट्रकच्या भंगारातल्या टर्बोचार्जरपासून छोटं इंजिन बनवलं होतं. एका शाफ्टवर दोन चाकं. पुढचं चाक, कॉम्प्रेसर, हवा दाबून आत ढकलतं. मधल्या डब्यात गॅस पेटतो. तापलेला झोत मागचं चाक, टर्बाइन, फिरवतो आणि ते पुढच्याला फिरवतं. उरलेला झोत नॉझलमधून मागे सुटतो आणि इंजिनाला पुढे रेटतो.

परीक्षकांची अट एकच होती. इंजिन एक मिनिट स्वतःच्या जोरावर चालायला हवं, नाहीतर प्रोजेक्ट सहा महिन्यांनी पुन्हा. चौघांतल्या वैशालीला जुलैत विमानाची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ट्रेनी म्हणून रुजू व्हायचं होतं. तिच्यासाठी कुणी सहा महिने थांबणार नव्हतं.

चाकांना पहिली गती द्यायला जोरदार हवा लागते. त्यासाठी तिने किन्हवलीहून काकांच्या भातगिरणीचा, तूस उडवणारा ब्लोअर आणला होता. जीपमध्ये ब्लोअरशेजारी काकाही बसून आले. "माझ्या माघारी तो कुनाला देत नाय," म्हणाले.

माझ्याकडे तेवीस मुद्द्यांची यादी होती. ऑइल, गळती, प्लग, बोल्ट. सगळ्यांपुढे बरोबरची खूण झालेली. एचओडी डोकावले.

"मॅडम, इंजिन राहू द्या, सोमवारी नुसते आलेख दाखवून टाका."

"सर, इंजिन चालवूनच दाखवा, असं त्यांनी लेखी कळवलंय."

ते गेले. कोपऱ्यात स्टुलावर बसून काका तंबाखू मळत होते.

"वैशे, आपला ब्लोअर कधी असा वरडतो गो?"

"थांब ना काका. हे जेट हाय."

"जेट असू दे नायतर गिरन. मागं तुसाचा ढीग पाइपाच्या तोंडाला लागला का आमचापन असाच भक् भक् करतो. हवेला जागा नाय मिळाली तर ती जाईल कुठं? मागारी येते."

"इथं कुठाय ढीग? मागं मोकळं मैदान हाय."

काकांनी उठून नॉझलकडे बोट केलं. "हा काय! एवढंसं भोक ठेवलाव. आमच्या म्हातारीची फुंकर पन जायाची नाय यातून."

याला पुस्तकात सर्ज म्हणतात. पुढे वाट अडली की दाबलेली हवा कॉम्प्रेसरमधून उलटी फिरते. फळ्यावर मी ते किती वर्षं शिकवत होते! नळीवर अंगठा दाबला की पाण्याची धार लांब जाते, तसं नॉझल अरुंद केलं की रेटा वाढेल, असा मुलांचा हिशोब होता. त्या ड्रॉइंगवर सही माझी होती. ते बरोबरच असणार असं मी धरलं, म्हणून नॉझल यादीतच नव्हतं.

"थोडं कापा, बघा, परत कापा," काका म्हणाले.

"नाही काका, आधी गणित," मी म्हटलं.

वैशालीने वीस मिनिटांत माप काढलं. नॉझल शंकूच्या आकाराचं होतं. टोकाकडून बोटभर कापलं की तोंड आपोआप मोठं होणार होतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हॅकसॉने कापून कडा घासली.

चौथा प्रयत्न. ब्लोअर, प्लग, गॅस. आवाज चढत गेला. काकांनी ब्लोअरचा पाइप बाजूला घेतला. इंजिन शिटीसारखं एकाच सुरात वाजत राहिलं. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं, काकांचे डोळे मिटलेले. सत्तर सेकंदांनी मी बंद करायला सांगितलं.

"आता मोकळा श्वास घेतोय," काका म्हणाले. त्यांनी सोमवारपर्यंत ब्लोअर ठेवला आणि एकटेच जीपने परत गेले.

सोमवारी इंजिन पहिल्या झटक्यात चाललं. परीक्षकांनी वैशालीला विचारलं, "सर्ज आहे हे कसं ओळखलंत?"

"आमच्या काकांनी ओळखलं, सर. मी नंतर गणित केलं."

ते हसले. मग म्हणाले, "गणित दाखवा." तिने दाखवलं. जुलैत ती रुजू झाली.

माझ्या यादीत त्या दिवसापासून चोविसावा मुद्दा आहे: ज्या कागदावर आपलीच सही आहे, तो सगळ्यात आधी तपासा.