बक्षीस बंदरावर

दादा गेल्याचं सांगायला मी पहिल्यांदा शेजारच्या हिरामावशीकडे गेले. ती अंगणात सुकट पसरत होती. माझ्या तोंडून शब्द निघेना. चारचौघांत बोलायचं मला कधीच जमलं नाही, दादा होता तोवर ते काम त्याचं होतं. मावशीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "बोटवाला गेला?" मी मान हलवली. मग तीच आळीभर सांगत गेली. पनवेलला आमच्या बंदराकडच्या आळीत माझ्या भावाला नावाने कोणी हाक मारत नसे. तो बोटवाला.

संध्याकाळी माणसं जमली, तेव्हा नाक्यावरचा चहावाला ओटीवर बसून सांगत होता, "नोकरी सोडून आले तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे चहा प्यायले, पैसे दिले, निघाले. कप उचलतो तर बशीखाली आणखी एक आणा. धावलो मागे. अहो बोटवाले, पैसे राहिले तुमचे! तर म्हणतात, राहिले नाहीत, ठेवलेत. म्हटलं, चहाचे तर दिलेत. म्हणतात, ते चहाचे. हे तुझे." रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग पदर तोंडाला लावावा लागला.

दादा तरुणपणीच मुंबईला गेला आणि विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटीवर लागला. खोल्या झाडायच्या, बिछाने घालायचे, पाहुण्यांना, म्हणजे उतारूंना, चहा न्यायचा, हे त्याचं काम. मला नवऱ्याने माहेरी परत पाठवलं होतं. आई होती तोवर आम्ही दोघी, आई गेल्यावर मी एकटी. दादा सुट्टीवर आला की घरात माणसाचा आवाज व्हायचा. मी भाकरी थापत असायची आणि तो चुलीजवळ बसून बोटीचे रिवाज सांगायचा. त्यात बक्षिसाचे रिवाज फार. बक्षीस मागायचं नाही. हातावर घ्यायचं नाही. पाहुण्यासमोर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेवटच्या सकाळी पाहुणे ते उशीखाली नाहीतर बशीखाली ठेवतात. पाहुणा शिडी उतरून धक्क्यावर गेला की मग खोलीत जाऊन उचलायचं आणि सगळ्यांचं मिळून एका डब्यात टाकायचं, कारण खाली भांडी घासणाऱ्याला कोण बक्षीस देतो? आणि सगळ्यात मोठा रिवाज म्हणजे बंदर लागायच्या आधी काही घ्यायचं नाही. आधी घेतलं तर तो पाहुणा बंदर बघत नाही, असं जुने लोक म्हणत.

"आणि उचललं की सुटलो," दादा म्हणायचा. "तो पण सुटला, मी पण सुटलो. मग रस्त्यात भेटला तरी ओळख द्यायची गरज नाही."

पुढे त्याच्या बोटीवर नवी पाटी लागली, की बक्षीस कोणी वेगळं देऊ नये, ते भाड्यातच धरलं आहे. बाकीचे नोकर बरं झालं म्हणाले, निदान बुडवाबुडवी नको. दादाला मात्र ते पटलं नाही. घरी आल्यावर जेवताना एकदाच बोलला, "भाड्यात धरलं तर माणूस सुटायचा कसा?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? पैसे मिळाल्याशी कारण." तो ताट अर्धवट सोडून उठला. त्यानंतर तो पुन्हा बोटीवर गेला नाही.

त्याचं कारण मला हळूहळू कळलं. पाटी लागायच्या आधी, गोरे लोक देश सोडून निघाले होते तेव्हा, एका खेपेला त्याच्याकडे एक म्हातारी मडम होती. एकटी. नवरा इकडेच मातीत गेलेला. दुपारी चहा नेला की ती दादाला दोन शब्द विचारायची, घरी कोण आहे, बहीण काय करते. एका दुपारी तिने सोन्याचं नाणं पुढे केलं. म्हणाली, "आत्ताच घे. मी पोचेन असं मला वाटत नाही." दादा म्हणाला, "नो मॅडम. बंदरावर." ती पोचावी म्हणूनच तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेला तर ती खुर्चीतच गेलेली होती. नाणं मुठीत होतं आणि मूठ काही उघडेना. तशीच तिला कापडात शिवून समुद्रात सोडली.

नोकरांच्या खोलीत भिंतीवर एक फळी असायची. पाहुण्याने घंटी दाबली की त्याच्या खोलीचा आकडा फळीवर खाली पडायचा. मडमच्या खोलीला कुलूप होतं, तरी दुपारी तिचा आकडा पडला. सगळे म्हणाले, तार बिघडली. दादाने चहा केला आणि कुलूप काढून आत ठेवून आला. मग दुसऱ्या दिवशीही... बोट बदलली तरी तेच. शेवटी तो घरी आला, आणि मडम त्याच्याबरोबर आमच्या पनवेलला आली.

मी घाबरले नाही असं लिहिणार नाही. दुपारची भांडी घासून मी वाती वळत बसायची. समोर दादा पंचांग नाहीतर जुना पेपर वाचत असायचा. वाचता वाचता तो मान वर करायचा. मला काही ऐकू येत नसे. तो उठून सदऱ्याची बटणं लावायचा, चांगला कप काढायचा, चहा गाळायचा, आणि खाडीकडच्या आतल्या खोलीच्या दाराशी थांबून हळूच म्हणायचा, "आलो, मॅडम." खिडकीशी रिकामी खुर्ची होती, तिच्यापुढे स्टुलावर कप ठेवायचा. कपाचा कान नेहमी उजवीकडे. मग पाठ न दाखवता मागे मागे बाहेर यायचा. हिरामावशीला वाटायचं, तो आईच्या नावाने ठेवतो. मीही तसंच वाटू दिलं.

एके दुपारी दादा काही कामासाठी उरणला गेला होता. आळीत सामसूम होती. मी तांदूळ निवडत होते, आणि आतल्या खोलीत घंटी वाजली. देवाची नव्हे. बारीक, एकसारखी, कोणीतरी बोट दाबून धरल्यासारखी. आमच्या घरात तसली घंटी कुठून असणार? मी सूप घट्ट धरून बसले. थांबली. पुन्हा वाजली. मग मी उठले आणि चहा केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. इंग्रजी मला येत नाही. दाराशी उभी राहून म्हटलं, "मडम, दादा घरात नाही. मी त्याची बहीण." कपाचा कान उजवीकडे करून ठेवला आणि बाहेर आले. नंतर उचलायला गेले तर चहा तसाच होता, वर साय धरलेली. पण कपाचा कान डावीकडे होता.

दादा आला तेव्हा त्याला सांगितलं.  "ती डावखुरी होती," तो म्हणाला. मग, "तुला ऐकू आलं, बाये? तुला कशाला ऐकू यावं?" त्या दिवसापासून त्याला स्वतःची काळजी नव्हती. माझी होती. मडमने त्याला धरून ठेवलं होतं, आणि आता त्याच्यामागे मी, ही भीती त्याने मनात घेतली.

या पावसाळ्यात तो अंथरुणाला खिळला. गणपती झाले आणि त्याने अन्न सोडलं. मीच त्याचं सगळं करत होते. एका दुपारी त्याने मला जवळ बोलावलं. मुठीत रुपया होता.

"हा घे."

"कशाला?"

"बक्षीस."

"बहिणीला कोणी बक्षीस देतं का रे?"

"घे म्हणतो ना. मी मडमचं घेतलं नाही, त्याचं काय झालं ते तू बघितलंस. मी तसाच गेलो तर तू माझ्यासाठी चहा ठेवत बसशील."

"बसेन."

"भिणार नाहीस?"

"तुला?"

तो हसला, हसताना खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला. दम लागला होता तरी तो म्हणाला, "उचल गं. सुटशील."

"मला सुटायचं नाही, दादा. द्यायचं तर भाऊबीजेला दे. ओवाळणी घेईन."

"भाऊबीजेला मी असेन का?"

"ते तुझं तू बघ."

 त्याने मूठ मिटून घेतली. दोन दिवसांनी दुपारी त्याने मान वर केली, आणि माझ्या कानावरही ती घंटी आली. "आलो, मॅडम," तो म्हणाला, आणि हात सदऱ्याच्या बटणाकडे गेला तो तिथेच राहिला. नंतर हिरामावशी त्याची दुसरी, रुपयाची मूठ सोडवायला लागली. मी म्हटलं, राहू दे. एवढं एकच मी त्या दिवशी सगळ्यांदेखत मोठ्याने बोलले.

तेव्हापासून आतल्या खोलीत घंटी वाजलेली नाही. मडमला तिचा चहा आणणारा माणूस मिळाला असेल.

भाऊबीजेला सकाळीच हिरामावशी सांगून गेली, "वर्साचा दुखवटा हाय, सण करू नको. आन ओवाळायचंच असंल तर चंद्राला ओवाळ. भाऊ नाय तिनं चंद्राला ओवाळायचं अस्तंय." मी बरं म्हटलं. दिवस मावळला तेव्हा खाडीवर चंद्राची बारीक कोर दिसली. मी दार लावून घेतलं. आतल्या खोलीत पाट मांडला, भोवती एकच रांगोळीची रेघ ओढली आणि ताटात निरांजन लावलं. पाटावर बसलेल्या दादाचं कपाळ कुठे येईल ते इतक्या वर्षांच्या सवयीने हाताला ठाऊक होतं. तिथे कुंकवाचं बोट नेलं. डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळलं. ज्योत हलली नाही. ताट पुढे धरून मी उभी राहिले... ताटात काही पडलं नाही.

मग खाली पाहिलं. अक्षता पाटाच्या भोवती सांडल्या होत्या, मागे, पुढे, दोन्ही बाजूंना. पाटावर एकही नव्हती.

"राहू दे, दादा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी दे."

पाट मी अजून उचललेला नाही. सकाळी केर काढते तेव्हा त्याच्या बाजूने काढते.