सुमनचा परिच्छेद

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पन्नाशी उलटलेला प्रस्तुत इसम परवा पुन्हा सातवीत बसला. शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून भूगोलाच्या तासाला शेवटच्या बाकावर ऐसपैस बसलो.

हजेरीच्या क्रमाने एकेकाने उठून धड्यातला एकेक परिच्छेद वाचायचा, ही तिथली रीत. सुमन नावाची मुलगी उठली आणि काळ्या मातीबद्दल असं खणखणीत बोलली, की माझ्यातल्या नाटकवेड्याने मनात टाळीच वाजवली. बोटही ओळीखालून ऐटीत सरकत होतं.

"अगं, ते पुढचं! आपण अजून नद्यांवर आहोत," शेजारीण खिदळली.

हजेरीत सुमनच्या आधी असलेला एक मुलगा त्या दिवशी आला नव्हता. त्यामुळे तिच्या वाट्याला एक अलीकडचा, नद्यांचा परिच्छेद आला होता.

वर्ग हसला. मी त्या बोटाकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं ते असंच इतिहासाच्या, विज्ञानाच्या ओळींखालून फिरलं असेल. वाचायला शिकवणं हे मराठीच्या तासाचं काम, असं प्रत्येक तासाला वाटलं असेल. आणि मराठीच्या तासाला वाटलं असेल, हिला येतंच की.

बाई खडू ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "नद्या काही पळून जात नाहीत. हा पहिला शब्द तेवढा वाच, बाळा."

सुमनने त्या शब्दाखाली बोट ठेवलं. मग एकदम म्हणाली, "बाई, हा नाही येत मला. ताईनं फक्त माझाच पाठ करून घेतलाय!"